‘कोर्टशिप’ हा इंग्रजी शब्द कुठे वापरावा आणि कुठे टाळावा

काही इंग्रजी शब्द मराठी माणसाला शिकवावे लागत नाहीत. ते आपल्या बोलण्यात आधीच येऊन बसलेले असतात, आणि पुढे इंग्रजी लिहिण्याची वेळ आली की नेमके तेच शब्द दगा देतात. ‘कोर्टशिप’ हा त्यांतला एक आहे. ‘सध्या आमचा कोर्टशिप पिरियड चालू आहे’ हे वाक्य लग्न ठरलेल्या मुलामुलींच्या तोंडी इतके रुळले आहे, की लंडनमधला किंवा शिकागोमधला माणूसही हा शब्द याच अर्थाने आणि इतक्याच सहजपणे वापरत असेल असे कोणालाही वाटावे. प्रत्यक्षात तो माणूस हा शब्द वाचतो पुष्कळ, पण स्वतःविषयी बोलताना क्वचितच उच्चारतो. आणि वाचतो तेव्हा त्यातून आपल्यापेक्षा निराळा अर्थ घेतो.

माझ्याकडे इंग्रजी शिकायला येणाऱ्या एका तरुणीचा अनुभव येथे सांगण्याजोगा आहे. लग्नानंतर तिला पतीकडे ब्रिटनला जायचे होते आणि व्हिसाच्या अर्जासोबत आपल्या नात्याची हकीकत सांगणारे पत्र जोडायचे होते. पत्राचा मसुदा तिने मला दाखवला. त्यात पहिली भेट जानेवारीतली होती, साखरपुडाही जानेवारीतच झाला होता, आणि पुढे ‘अवर कोर्टशिप पिरियड वॉज सेव्हन मन्थ्स’ असे वाक्य होते. साखरपुडा आणि लग्न यांत सात महिने गेले एवढेच तिला म्हणायचे होते. पण तिकडच्या वाचकाच्या लेखी कोर्टशिप म्हणजे लग्नाचा निर्णय होण्याआधीचा काळ; त्यामुळे ज्या दोघांनी भेटल्यावर महिनाभरात साखरपुडा केला, त्यांचे सात महिने कोणत्या दिनदर्शिकेत बसवायचे हा प्रश्न त्याला पडणारच. पत्रातली एकही गोष्ट खोटी नव्हती, तरी एका शब्दामुळे हकीकत संशयास्पद दिसू लागली होती. अशी वेळ कोणावर येऊ नये म्हणून हा शब्द पायरीपायरीने समजून घेऊ.

पहिली पायरी : शब्द उघडून पाहा

‘कोर्ट’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे न्यायालय उभे राहते, आणि ‘कोर्ट मॅरेज’ या आपल्याकडच्या शब्दामुळे ती समजूत आणखी पक्की होते. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली विवाह अधिकाऱ्यासमोर होणाऱ्या लग्नाला आपण कोर्ट मॅरेज म्हणतो. कोर्टशिपशी त्याचे काही नाते नाही.

या ‘कोर्ट’चे मूळ लॅटिन ‘कोहोर्स’ या शब्दात आहे आणि त्याचा अर्थ कुंपण घातलेले आवार असा होता. जुन्या फ्रेंचमधून हा शब्द इंग्रजीत आला. आवारावरून राजवाड्याचे आवार, त्यावरून राजाचा दरबार, आणि दरबारात न्यायनिवाडा होई म्हणून न्यायालय, असा त्याचा अर्थ विस्तारत गेला. टेनिसचे कोर्टही मुळात आखलेले आवारच होय. दरबारात वावरणाऱ्या माणसाला मर्जी सांभाळावी लागे, गोड बोलावे लागे, अदब पाळावी लागे. त्या रीतीवरून ‘कर्टसी’ म्हणजे सौजन्य हा शब्द निघाला, आणि एखाद्याची मर्जी संपादन करण्यासाठी त्याच्याभोवती राहणे या अर्थी ‘टू कोर्ट’ हे क्रियापद रूढ झाले. सोळाव्या शतकात ‘कोर्टशिप’ म्हणजे आधी दरबारी वागणूक होती, आणि त्याच शतकाच्या अखेरीस एखाद्या स्त्रीचे मन जिंकण्यासाठी केलेली आराधना हा अर्थ तिला मिळाला. ‘शिप’चा जहाजाशी संबंध नाही, ‘फ्रेंडशिप’ किंवा ‘मेंबरशिप’ या शब्दांत जे ‘शिप’ आहे तेच हे, म्हणजे एखादी अवस्था किंवा नाते दाखवणारे शेपूट.

मराठीत या अर्थाचा ‘प्रियाराधन’ हा सुंदर शब्द आहे, आणि तो इंग्रजी शब्दाच्या फार जवळ जातो असे मला वाटते, कारण दोन्हींच्या पोटात आराधना आहे. आराधना करणारा एक आणि जिची मर्जी मिळवायची ती दुसरी, ही रचना शब्दातच बांधलेली आहे. पुढे व्याकरणाच्या पायरीवर तिचा उपयोग होईल, म्हणून ती येथेच लक्षात ठेवावी.

दुसरी पायरी : काळाच्या दोन खुणा ओळखा

कोर्टशिप कधी सुरू होते याविषयी मतभेद होऊ शकतात, पण ती कुठे संपते याविषयी इंग्रजीचा संकेत बराच स्पष्ट आहे. दोघांनी लग्न करायचे ठरवले, अंगठी बोटात गेली, की जो काळ सुरू होतो त्याला ‘एंगेजमेंट’ म्हणतात. कोर्टशिप त्याच्या आधीची असते. ढोबळ बोलण्यात लग्नापर्यंतचा सगळा काळ कोर्टशिपमध्ये धरणारे लोक आहेत, परंतु साखरपुड्यानंतरचा तेवढाच काळ कोर्टशिप म्हणून बाजूला काढणे तिकडे कोणाला सुचत नाही.

याचे एक सर्वांना ठाऊक असलेले उदाहरण घेऊ. ब्रिटनच्या दिवंगत राणी दुसऱ्या एलिझाबेथ १९३९ मध्ये, तेरा वर्षांच्या असताना, डार्टमथच्या नौदल महाविद्यालयाच्या भेटीत तरुण फिलिप यांच्यासोबत काही वेळ होत्या. युद्धाच्या वर्षांत दोघांचा पत्रव्यवहार चालू राहिला. जुलै १९४७ मध्ये त्यांच्या वाङ्निश्चयाची घोषणा झाली आणि २० नोव्हेंबर १९४७ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये लग्न झाले. या हकिकतीतली कोर्टशिप म्हणजे जुलै १९४७ च्या आधीचा, पत्रांचा आणि भेटीगाठींचा काळ. जुलै ते नोव्हेंबर हे चार महिने म्हणजे एंगेजमेंट. आपल्याकडचा कोणी हीच हकीकत सांगू लागला तर नेमक्या या चार महिन्यांनाच तो कोर्टशिप पिरियड म्हणेल. दोन वापरांतला फरक याहून स्वच्छ दाखवता येणार नाही.

तिसरी पायरी : आपल्याकडचा वापर त्याच्या जागी ठेवा

येथे एक गोष्ट आग्रहाने सांगितली पाहिजे. साखरपुडा ते लग्न या काळाला कोर्टशिप म्हणणे ही अडाण्यांची चूक नाही. तो भारतीय इंग्रजीतला रुळलेला अर्थ आहे आणि त्यामागे आपल्या लग्नाची रीत आहे. पाहण्याचा कार्यक्रम, पसंती, बैठक, साखरपुडा आणि मग लग्न, या क्रमात मुलामुलीला मोकळेपणाने फिरण्याची आणि फोनवर तासन्‌तास बोलण्याची मुभा बहुतेक घरांत साखरपुड्यानंतरच मिळते. इंग्रजांच्या क्रमात ओळख आधी आणि निर्णय नंतर, तर आपल्या ठरवून केलेल्या लग्नात निर्णय आधी आणि ओळख नंतर. ओळखीच्या काळाचे नाव आपण उचलले आणि आपल्या क्रमात ती ओळख जिथे होते तिथे नेऊन ठेवले. यात तर्क आहे.

त्यामुळे पुण्यातल्या मैत्रिणीला संदेश लिहिताना किंवा भारतातल्या सहकाऱ्यांशी बोलताना हा शब्द खुशाल वापरावा. सर्वांना तो बरोबर कळतो. मात्र वाचक भारताबाहेरचा असेल, आणि विशेषतः कागद सरकारी असेल, तर ‘वी वेअर एंगेज्ड फॉर सेव्हन मन्थ्स’ असे सरळ लिहावे. ‘पिरियड’ हा शब्द तर कुठेच जोडण्याची गरज नाही, कारण कोर्टशिप या शब्दातच काळ आलेला आहे.

चौथी पायरी : हा शब्द कोण, कोणाविषयी आणि केव्हा बोलतो ते ऐका

माझ्या मते हीच सर्वांत महत्त्वाची पायरी आहे, आणि शब्दकोशात अर्थ पाहून ती चढता येत नाही. कोर्टशिप हा आजच्या इंग्रजीत मागे वळून पाहण्याचा शब्द आहे. ज्या नात्याचा शेवट ठाऊक आहे, ज्याचे लग्न झाले किंवा मोडले आहे, त्याची गोष्ट सांगताना तो येतो, आणि बहुधा ती गोष्ट सांगणारा तिसराच असतो. चरित्रकार तो वापरतो, मृत्युलेख लिहिणारा पत्रकार वापरतो. ‘दे मॅरीड इन १९५२ आफ्टर अ ब्रीफ कोर्टशिप’ हे वाक्य इंग्रजी मृत्युलेखात अगदी शोभून दिसते. भेटले आणि पाहता पाहता लग्न झाले, असे असेल तर ‘अ व्हर्लविंड कोर्टशिप’ म्हणतात, म्हणजे वावटळीसारखी. पण चालू वर्तमानकाळात, स्वतःविषयी, ‘वी आर इन कोर्टशिप’ असे कोणी ब्रिटिश किंवा अमेरिकन तरुण सहसा म्हणत नाही. विद्यार्थ्यांसाठीच्या इंग्रजी शब्दकोशांतही माणसांविषयीच्या अर्थापुढे हा शब्द जुन्या वळणाचा असल्याची खूण दिलेली आढळते.

मग तो तरुण काय म्हणतो? अमेरिकेत ‘वी आर डेटिंग’, ब्रिटनमध्ये त्याबरोबरच ‘वी आर गोइंग आउट’, आणि नाते अजून नवे, नाव न दिलेले असेल तर ‘आय ॲम सीइंग समवन’. यांतल्या कशातही लग्नाचे वचन नसते. कोर्टशिपमध्ये मात्र लग्नाचा उंबरठा नेहमी दिसत राहतो, म्हणून जे नाते लग्नापर्यंत नेण्याचा विचारच नव्हता त्याला हा शब्द लावत नाहीत.

ब्रिटनमध्ये, विशेषतः इंग्लंडच्या उत्तर भागातल्या वृद्ध माणसांच्या तोंडी, ‘व्हेन वी वेअर कोर्टिंग’ हे शब्द आजही ऐकू येतात. तिकडच्या रुग्णालयांत किंवा वृद्धांच्या निवासांत काम करणाऱ्या मराठी परिचारिकांनी हे वाक्य ओळखावे, कारण ते बहुतेक वेळा एखाद्या चांगल्या आठवणीचे दार असते. पंचाऐंशी वर्षांच्या आजीबाई ‘व्हेन वी वेअर कोर्टिंग, ही युस्ड टू वॉक मी होम’ असे म्हणाल्या, की त्यांचे पती त्या काळी त्यांना रोज घरापर्यंत पोहोचवायला चालत येत, एवढे त्या सांगत असतात. कोर्टकचेरीचा त्यात काही विषय नसतो. पुढे काय झाले असे आवर्जून विचारावे. परंतु आपण होऊन एखाद्या तरुण सहकाऱ्याला ‘आर यू कोर्टिंग?’ असे विचारू नये. ते जुनाट वाटते, आणि प्रश्न खासगी असल्यामुळे आगाऊपणाचेही वाटते.

या संकेताला दोन ठळक अपवाद आहेत. फिलिपाइन्समधल्या इंग्रजीत ‘ही इज कोर्टिंग मी’ हे आजचे, रोजचे वाक्य आहे, कारण तिथे मुलाने मुलीची आणि तिच्या घरच्यांची मर्जी संपादन करण्याची जुनी रीत आहे आणि तिला स्थानिक भाषेत स्वतंत्र नाव आहे. दुबईत किंवा दोहामध्ये फिलिपिनो सहकाऱ्यांबरोबर काम करणाऱ्यांच्या कानांवर ते हमखास पडते. दुसरा अपवाद अमेरिकेतल्या काही सनातनी ख्रिस्ती कुटुंबांचा. १९९० च्या दशकापासून तिथे ‘डेटिंग’च्या विरोधात ‘कोर्टशिप’ हा शब्द मुद्दाम उचलला गेला. आईवडिलांच्या संमतीने, त्यांच्या नजरेखाली आणि लग्नाचा हेतू आधीच जाहीर करून भेटणे, असा त्याचा तिथला अर्थ आहे. मराठी वाचकाला तो अनोळखी वाटणार नाही.

पाचवी पायरी : वाक्यात बसवा

हिला फार वेळ लागत नाही. उच्चारात जोर पहिल्या अवयवावर, म्हणजे ‘कोर्ट’वर द्यावा. ब्रिटिश उच्चारात ‘र’ ऐकू येत नाही, म्हणून ‘कॉ’ लांबवावा लागतो. तो आखूड झाला तर ऐकणाऱ्याला ‘कॉट’ ऐकू येण्याची भीती असते. अमेरिकन उच्चारात ‘र’ स्पष्ट असतो.

शब्दयोगी रूपांकडे मात्र नीट पाहावे. ‘हिज कोर्टशिप ऑफ हर’ म्हटले की आराधना एकतर्फी आहे, तो करतो आहे आणि ती पाहते आहे, हे ‘ऑफ’मधून कळते. ‘देअर कोर्टशिप’ म्हटले की दोघांचा वाटा समान होतो. आज लिहिताना बहुतेक वेळा हे दुसरे रूपच योग्य ठरते. ‘माय कोर्टशिप विथ हिम’ असे लिहिण्यापेक्षा ‘अवर कोर्टशिप’ अधिक सुटसुटीत होते. काळ सांगायचा असेल तर ‘ड्युरिंग देअर कोर्टशिप’ किंवा ‘आफ्टर अ कोर्टशिप ऑफ टू इयर्स’ म्हणावे. दोन वर्षे हे विशेषण म्हणून आधी आणायचे असेल तर ‘अ टू-इयर कोर्टशिप’ असे, मध्ये जोडरेघ देऊन आणि ‘इयर’ एकवचनी ठेवून लिहावे. ‘डू कोर्टशिप’ हे आपल्या ‘करणे’चे थेट भाषांतर आहे आणि इंग्रजीत ते चालत नाही, कोर्टशिप सुरू होते, चालते, लांबते, संपते.

याच ठिकाणी एका शेजारच्या शब्दाविषयी सावध करणे मला आवश्यक वाटते. मराठी बोलण्यात कोणत्याही प्रेमसंबंधाला ‘अफेअर’ म्हणतात. इंग्रजीत ‘दे हॅड ॲन अफेअर’ म्हटले की बहुतेक वेळा त्यांतला निदान एक जण दुसऱ्या कोणाचा तरी जोडीदार होता, असा अर्थ निघतो. आपल्या आईवडिलांचा प्रेमविवाह होता हे कौतुकाने सांगताना हा शब्द वापरला गेला, तर ऐकणारा शरमून गप्प बसतो आणि सांगणाऱ्याला कारणही कळत नाही. तिथे कोर्टशिप हा शब्द, जुन्या वळणाचा असला तरी, अगदी योग्य आणि आदराचा आहे.

सहावी पायरी : पक्ष्यांकडे चला

माणसांच्या बाबतीत जुना झालेला हा शब्द प्राण्यांच्या बाबतीत पूर्ण जिवंत आहे. निसर्गावरचे माहितीपट, पक्षिनिरीक्षकांच्या नोंदी, शाळेची पुस्तके यांत ‘कोर्टशिप डिस्प्ले’, ‘कोर्टशिप डान्स’, ‘कोर्टशिप रिच्युअल’ हे शब्द रोज येतात आणि ते कोणालाही जुनाट वाटत नाहीत. शास्त्रीय लेखनात तर हा शब्द पक्का बसला आहे. ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ ज्युलियन हक्सली यांनी १९१४ मध्ये ग्रेट क्रेस्टेड ग्रीब या पाणपक्ष्याच्या प्रियाराधनावर जो निबंध प्रसिद्ध केला, त्याच्या शीर्षकातच कोर्टशिप आहे. हे नर-मादी समोरासमोर येऊन माना हलवतात आणि चोचीत पाणवनस्पती धरून छातीला छाती भिडवत पाण्यातून उभे राहतात.

हा अर्थ मनात ठसवण्यासाठी मी विद्यार्थ्यांना सुगरण पाहायला सांगतो. पावसाळा तोंडावर आला की नराच्या डोक्यावर आणि छातीवर पिवळा रंग चढतो, आणि विहिरीवर झुकलेल्या बाभळीच्या फांद्यांना अर्धवट विणलेली घरटी लोंबू लागतात. पक्ष्याचे नाव स्त्रीलिंगी असले तरी विणणारा नरच असतो. तो गवताची पाती चिरून आणतो, शिरस्त्राणासारखा आकार होईपर्यंत विणतो आणि तिथेच थांबतो. मग घरट्याला लटकून पंख फडफडवत तो कलकलाट करतो. मादी येते, आत शिरून विणकाम पारखते आणि पसंत नसेल तर निघून जाते. पसंत पडले तरच तो खालची लांब नळी विणून घरटे पुरे करतो. या सगळ्या खटपटीला इंग्रजीत कोर्टशिप म्हणतात. खंड्याचा नर मासा आणून मादीला भरवतो ती ‘कोर्टशिप फीडिंग’. गोंदियाकडच्या शेतांत सारसांची जोडी पंख पसरून उड्या घेत नाचते, तो ‘कोर्टशिप डान्स’. या अर्थी हा शब्द कोणत्याही वाचकासाठी, कोणत्याही देशात निःशंकपणे वापरावा.

सातवी पायरी : राजकारण आणि व्यापार

वर्तमानपत्रात दोन कंपन्यांची ‘लाँग कोर्टशिप’ संपली असे वाचले, तर विलीनीकरणाच्या वाटाघाटी दीर्घ काळ चालल्या होत्या असे समजावे. निवडणुकीच्या दिवसांत एखाद्या पक्षाची ‘कोर्टशिप ऑफ यंग व्होटर्स’ म्हणजे तरुण मतदारांना आपलेसे करण्याचे प्रयत्न. ॲमेझॉनने २०१७ मध्ये दुसऱ्या मुख्यालयासाठी शहरांकडून प्रस्ताव मागवले, तेव्हा २३८ प्रस्ताव आले. करसवलती आणि जमिनी देऊ करणाऱ्या या शहरांविषयीच्या बातम्यांत ‘कोर्ट’ आणि त्याच अर्थाचा त्याचा आखूड सोबती ‘वू’ ही क्रियापदे पुनःपुन्हा दिसत होती. मथळ्यात जागा कमी असते, म्हणून तिथे बहुधा ‘वू’ येतो, आणि कोर्टशिप हे नाम आतल्या विश्लेषणात सापडते.

क्रियापदाचा आणखी एक वापर आहे, आणि तो नामाला लागू होत नाही. ‘टू कोर्ट डिझास्टर’ म्हणजे संकट ओढवून घेणे, ‘टू कोर्ट कॉन्ट्रोव्हर्सी’ म्हणजे वाद अंगावर घेणे. यावरून ‘कोर्टशिप ऑफ डिझास्टर’ असे नाम बनवू नये. तसे कोणी म्हणत नाही.

आठवी पायरी : आपले लिहिणे पुन्हा वाचा

लिहून झाले की प्रत्येक ‘कोर्टशिप’पाशी थांबावे आणि मी कोणासाठी लिहितो आहे, मला साखरपुड्याआधीचा काळ म्हणायचा आहे की नंतरचा, आणि येथे तारखा दिल्या तर हा शब्द लागतो तरी का, असे स्वतःला विचारावे. ठरवून केलेल्या लग्नाची हकीकत परक्या वाचकाला सांगताना शब्दापेक्षा क्रम सांगणे अधिक उपयोगी पडते. त्या तरुणीने आणि मी मिळून पत्र दुरुस्त केले, तेव्हा तो परिच्छेद असा झाला : आमच्या कुटुंबांनी जानेवारीत आमची ओळख करून दिली, आम्ही तीन वेळा भेटलो आणि दोघांनी होकार दिला, त्याच महिन्याच्या अखेरीस, आमच्या समाजाच्या रीतीप्रमाणे, साखरपुडा झाला, पुढचे सात महिने आम्ही रोज फोनवर बोलत होतो आणि ते सुट्टीवर आले तेव्हा दोन्ही घरच्यांबरोबर भेटत होतो, ऑगस्टमध्ये लग्न झाले. इंग्रजीत हा मजकूर सहा ओळींचा भरला, आणि त्यात कोर्टशिप हा शब्द एकदाही आला नाही.